आई समुद्रावर जेवली

लातूरचा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि नळाला पाणी नव्हतं. "जिल्हा दिला, पाणी कुठं दिलं?" असं म्हणत माझी आई त्या दुष्काळी उन्हाळ्यात आमच्याकडं रत्नागिरीला आली. येताना तिनं काय आणलं असेल? पाणी. एक कॅन भरून आणि वर फिरकीचा तांब्या. दुष्काळी गावातून कोकणात पाणी घेऊन येणारी दुसरी बाई मी तरी पाहिली नाही.

कारण मला ठाऊक होतं. आम्ही लिंगायत, माहेरी किराणा दुकान. मी लग्न केलं ते नायगावकडच्या बौद्ध मुलाशी. सरकारी नोकरी, बदली होऊन आम्ही समुद्राकाठी आलो. लग्नानंतर आई पहिल्यांदाच माझ्या घरी आली होती, पण घरातलं पाणीसुद्धा घ्यायचं नाही असं ठरवून. दोन दिवस तिनं स्वतःच्या दशम्या आणि शेंगाची चटणी खाल्ली. मधूनमधून शहाळी. शहाळ्यातल्या पाण्याला कुणाचा हात लागत नाही, म्हणून ते चालायचं. मी आतल्या आत चडफडत होते. ह्यांना मात्र राग म्हणून यायचा नाही. "आल्या ना? मग झालं," म्हणायचे. त्यांच्या त्या शांतपणाचाही मला रागच यायचा.

मग दशम्या संपल्या, पाणीही संपलं. समुद्राजवळ आमच्या समाजातलं एक घर होतं. त्यांनी आईला आणि मला संध्याकाळी जेवायला बोलावलं. ह्यांना बोलावलं नाही. हे नांदेडला खोली करून शिकलेले, त्यामुळं भाकरी थापता यायची. त्यांनी आपली आपणच पिठलं-भाकरी केली, डब्यात भरली. म्हणाले, "तुमचं होईस्तोवर मी वाळूत बसून जेवतो. अंधारात आईंना एकटी कशी आणशील तू?"

आम्ही गेलो तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, गावाकडं कुणीतरी वारलं, दुपारीच निघाले सगळे. आईनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. पायरी उतरताना तिचा तोल गेला, तेव्हा माझा राग कुठल्या कुठं पळाला. ही बाई हट्टापायी उपाशी राहील आणि इथंच पडेल, अशी भीती वाटली मला. तिला धरून मी ह्यांच्यापाशी वाळूत नेलं.

झालेलं ऐकून ह्यांनी डबा उघडला आणि तिच्यासमोर सरकवला. "पूजा व्हायचीय माझी," आई म्हणाली. गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन त्यावर पाणी घातल्याशिवाय ती घास घेत नसे. बरोबर आणलेला तांब्या तर कोरडा. समोर मात्र नजर पोचेल तिथवर पाणी. ते खारट असतं हे तिनं ऐकलं होतं, पण विश्वास बसला नव्हता. लाटेपाशी गेली, ओंजळ भरली, जिभेला लावली आणि थुंकली. "एवढं पाणी दिलं आन् त्यात मीठ कालवलं. काय म्हणावं बाई त्याला."

ह्यांनी तांब्या उचलला, माडांमागच्या घरी गेले आणि विहिरीवरून भरून आणला. देण्याआधीच सांगून टाकलं, "आई, हे मी शेंदून आणलंय. चालत नसेल तर तसं सांगा."

आईनं तांब्याला लगेच हात लावला नाही. मी काहीतरी बोलणार, तर ह्यांनी मला डोळ्यानंच गप्प केलं. मग तिनं डोक्यावर पदर घेतला, कपाळाला विभूती लावली, लिंग डाव्या तळहातावर ठेवलं आणि त्यावर ते पाणी घातलं. पूजा झाल्यावर तळहातातलं तीर्थ प्यायली. आमच्यात तसंच असतं, लिंगावरचं पाणी प्यायचं. जन्मभर ती तेच करत आली होती, पण आज प्यायल्यावर थबकली.

"देवाला चाललं की," ती मला म्हणाली. "मग मला नको म्हणायला मी कोण लागून गेले?"

उरलेलं तीर्थ तिनं ह्यांच्यापुढं धरलं. ह्यांनी हात जोडले. "तीर्थ मी घेत नाही, आई. आमच्यात नसतं." झालं, सगळं मुसळ केरात, असं वाटलं मला.

"नगा घेऊ," आई म्हणाली. "मीबी तुमचं घेतलंच न्हवतं की." आणि चक्क हसली.

डब्यात एका माणसाचं जेवण, आणि खाणारे तीन. झाकणात आईला वाढलं. भाकरीवर वाऱ्यानं वाळू येत होती, पण ती भराभर जेवत होती. मी सरळ रडत होते, आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नव्हती.

झाकण रिकामं झालं तसं तिनं ते माझ्यापुढं नाही, ह्यांच्यापुढं धरलं. "वाढा अजून." ह्यांनी आपल्यातली अर्धी भाकरी दिली. तीही संपवून तिनं बोट चाटलं.

"पिठलं लई पातळ झालंय तुमचं," ती ह्यांना म्हणाली. "उद्या मी करते. बेसन हाय ना घरात?"

"आहे," हे म्हणाले, आणि ज्यांना कधी कशाचं वाईट वाटत नाही असं मी समजत होते, त्यांनी समुद्राकडं वळून बाहीनं डोळे पुसले.