चार ढेकळं आणि नानांची वही

भास्करनाना पंच्याहत्तर वर्षांचे झाले, तर त्यांच्याविषयी चार शब्द लिहा, असं मंडळी म्हणाली. माझी शाळा दुसरीतच सुटली. गोड शब्द कमी पडले तर नानांनी राग मानू नये.

नाना शिरपूरकडे मास्तर होते. सुट्टीत सायकलवर गावोगाव फिरून पावसाच्या जुन्या खुणा गोळा करायचे. टिटवीने अंडी कुठे घातली, मुंग्या कधी निघाल्या, सगळं वहीत. आमच्या ओट्यावर ते पहिल्यांदा आले ते आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी. आखाजीला मी पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं मांडून वर पाण्याची घागर ठेवते. जे ढेकूळ भिजेल, त्या महिन्यात पाऊस. गाव त्यावरच पेरणी ठरवायचं.

त्या वर्षी ज्येष्ठाचं ढेकूळ पार विरघळलं. मी सांगितलं, "पेरी टाका." ज्येष्ठ कोरडा गेला. सगळ्यांना दुबार पेरावं लागलं. शेजारच्या सुमनने बोलणं सोडलं. माझ्या शब्दाला किंमत उरली नाही.

आषाढात नाना आले आणि त्यांनी वहीत लिहिलं, 'चुकलं'.

"नाना, ते खोडा."

"अक्का, चुकनं ते बी लिखनं पडी."

"तुम्ही मास्तर शेतस का पोलीस?"

नाना हसले, पण खोडलं नाही. एक ओळ खोडली तर बाकीची वही कोण खरी मानेल, म्हणाले. मग घागर बघायला मागितली. तिच्या बुडाला ज्येष्ठाच्या बाजूनेच चीर होती. मला ती आखाजीलाच दिसली होती; नवी घागर आणायचा कंटाळा केला. हे मी कबूल केलं. नानांनी तेही लिहून घेतलं.

"आता गावाला सांगा," ते म्हणाले. "मी सोबत येतो."

पारावर मी सगळं सांगितलं. शिव्या खाल्ल्या. नाना शेवटपर्यंत शेजारी उभे होते. माझी बाजू घ्यायला मध्ये एक शब्द बोलले नाहीत. त्यांची माया अशीच, कोरडी आणि पक्की.

पुढच्या आखाजीच्या आदल्या दिवशी नाना कुंभाराकडून घागर घेऊन आले. दिवसभर पाणी भरून तिचं बूड तपासत बसले. सकाळी सुमन आली. "अक्का, यंदानी घागर तरी धड शे ना?" टोमणा मारला, पण आली.

आता नानांची वही छापली जाते आहे. त्या वर्षीच्या 'चुकलं'शेजारचं माझं नाव गाळू का, विचारत होते. गाळलंत तर ओट्यावर पाय ठेवू नका, म्हटलं.

नाना, गुडघे सांभाळा, चहात साखर कमी घ्या. पुढच्या कितीतरी आखाज्यांना सकाळी वही घेऊन या. माझं जेवढं चुकेल, तेवढं तुमच्याच हाताने लिहिलं जावं.