सदाफुलीला पाणी घालू नये

"बाई, इथं स्कूटरी किती बसतील?"

ऑफिससमोरच्या बागेच्या जागेत उभं राहून साहेबांनी मला विचारलं. साहेब म्हणजे आमच्या बांधकाम खात्याचे कार्यकारी अभियंता, आणि मी त्यांच्या हाताखालची उद्यान पर्यवेक्षक. बाग माझी आणि स्कूटरींचा हिशोबही मलाच. माझं डोकं सटकलं, पण नोकरीत सटकलेलं डोकं झाकून ठेवावं लागतं.

लातूर जिल्हा नवीनच झाला होता. ऑफिस नवं, काही खुर्च्यांवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालेलं नव्हतं. समोर शोभा हवी म्हणून हौसेनं गुलाब लावले होते. मग पावसानं दडी मारली. टँकर आला की पाणी आधी प्यायला, मग संडासाला. बागेला ठणठणाट. गुलाबाच्या काड्या झाल्या.

"सव्वीस जानेवारीला वरून मोठे साहेब येणार," साहेब म्हणाले. "तोवर इथं फुलं दिसली तर बाग. नाही तर फरशी टाकून स्कूटर स्टँड."

"आणि पाणी?"

"पाणी मागू नका."

मला ती जागा सोडायची नव्हती. सगळ्या आवारात डोळ्यांना गार वाटेल असा तेवढाच तुकडा होता. मी सदाफुली लावली. नावाप्रमाणे बारमाही फुलणारी, एकदा रुजली की काही वर्षं टिकणारी. पानं जाड, चकचकीत. पान कडू, म्हणून शेळी तोंड लावत नाही. श्रावणात चार सरी आल्या तेवढ्यात रोपं धरली. मग शेंडे खुडले. शेंडा खुडला की बाजूनं फांद्या फुटतात आणि झुडूप गच्च होतं. दसऱ्याला वाफे गुलाबी-पांढरे झाले. मी रोज जाता-येता बघायची आणि मनातल्या मनात स्कूटरींना हसायची.

दिवाळीनंतर झाडं माना टाकायला लागली. आज इथलं, उद्या तिथलं.

"पाणी कमी पडून राहिलंय," साहेब म्हणाले. "एक टँकर सांगू का?"

आता पाणी द्यायला निघाले! मी एक झाड उपटलं. मुळं काळी पडलेली, चिखलाचा वास मारणारी. याला आम्ही मूळकुज म्हणतो. गंमत अशी की तहानेनं मरणारं झाड आणि पाण्यानं मरणारं झाड वरून सारखंच दिसतं. त्यात आमची काळी माती. वरून भेगाळलेली, पण वीतभर खाली ओल धरून बसते.

"हणमंतू, पाणी कोण घालतंय?" मी माळ्याला विचारलं.

"म्या न्हाई बाई. पाणी हाय कुठं घालायला?"

त्याचंही खरंच होतं. मग मी व्हरांड्यात खुर्ची टाकली आणि दिवसभर बसले.

दुपारी उदगीरचे अप्पा दिसले. किराणा दुकानदार, कपाळावर भस्माचे पट्टे. रस्ता रुंद होताना दुकानाचा कोपरा जाणार होता, म्हणून ऑफिसात सारखे खेटे घालत. त्यांनी डबा खाल्ला, हात धुतला आणि बाटलीत उरलेलं पाणी सदाफुलीच्या बुडाशी ओतून हात जोडले. त्यांच्या मागून एक कास्तकार आला. मग आमचे क्लार्क. मग दोन बाया. सगळ्यांचं तेच. आणि चारच्या सुमाराला साहेबांच्या केबिनच्या खिडकीतून एक ग्लास बाहेर आला, वाफ्यात रिकामा झाला आणि आत गेला.

मी अप्पांना गाठलं. "अप्पा, पाणी का घालता?"

"दुष्काळ हाय की बाई. उरलेलं पाणी मोरीत ओतायचं जिवावर येतंय. हे बिचारं लई तहानलेलं दिसलं."

"तहानलेलं नाही हो. पाण्यानंच मरून राहिलंय."

अप्पांचं तोंड उतरलं. "म्हंजे म्या मारलं व्हय?"

मला फार वाईट वाटलं. "एकट्यानं नाही. अख्ख्या जिल्ह्यानं मिळून," मी म्हटलं, तेव्हा जरा हसले.

मी पाटी लावली: पाणी घालू नये. दुसऱ्या दिवशी वाफे जास्तच ओले.

"लोक म्हनतेत," हणमंतूनं सांगितलं, "सरकार झाडाला बी घोटभर पाणी पाजू देत न्हाई. दया येती त्यायला."

मी पाटी उपटली. कंपाउंडच्या भिंतीकडेनं त्याच पावसाळ्यात कडुलिंबाची रोपं लावलेली होती, ती खरोखरच पाण्यावाचून तडफडत होती. पाटी तिथं रोवली: उरलेलं पाणी इथं घाला. अप्पा तर आल्याबरोबर पहारा द्यायचे. कुणी बाटली घेऊन वाफ्याकडे वळलं की ओरडायचे, "तिकडं न्हाई, लिंबाला!"

साहेबांशी मात्र मलाच बोलावं लागलं.

"साहेब, खिडकीतून पाणी कोण टाकतं?"

त्यांनी फाइलमधून डोकं काढलं नाही. "घोटभरच असतं हो."

दुसऱ्या दिवशी चार वाजता साहेब ग्लास घेऊन पायऱ्या उतरून लिंबापर्यंत चालत गेले. मग रोजच जाऊ लागले.

इकडे कुजकी झाडं काढली, वाफे उंच केले, पाणी निथळावं म्हणून मातीत मुरूम कालवला, चांगल्या झाडांचे शेंडे कापून नवी कलमं रोवली. कलमांना मुळं धरेपर्यंत मोजकं पाणी दिलं, मग हात आखडला. सव्वीस जानेवारीला बाग अशी फुलली होती की माझीच दृष्ट लागावी.

मोठ्या साहेबांनी विचारलं, "दुष्काळात पाण्याचं कसं जमवलंत?"

"आम्ही पाणी देतच नाही, सर," आमचे साहेब छाती काढून म्हणाले. मी शेजारी उभी होते. मनातून खूश होते.

नोकरीत एवढं कळलं की देणाऱ्याचा हात धरून उपयोग नाही, त्याला कुठं द्यायचं ते दाखवावं.

मी रिटायर झाले. सदाफुली अजून आहे. भिंतीकडेच्या लिंबांची सावली दाट झाली आहे आणि त्या सावलीत स्कूटरी लागतात. साहेबांनी विचारलेल्या जागेत बसल्या असत्या, त्याहून पुष्कळ जास्त बसतात.