विस्तव पळवणारी पेशी

कर्करोगाच्या उपचारांनी माझी थोरली बहीण, सुमनताई, पार वाळून गेली होती. डॉक्टरांनी आम्हाला पडद्यावर दोन पेशी आणि त्यांना जोडणारा बारीक धागा दाखवला.

"रोगाची पेशी या धाग्यातून रक्षक पेशीतली मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जाकेंद्रं, ओढून घेते. मग रक्षक थकतात."

ताई उसळली, "मेली माझ्याच चुलीतला विस्तव पळवून माजलीय होय! बघतेच तिला."

डॉक्टर हसले. "निरोगी पेशी दुबळ्या शेजारणीला अशीच ऊर्जाकेंद्रं आपणहून देतातही."

चोरीची आणि देण्याची वाट एकच असावी, याचं मला नवल वाटत राहिलं. जिन्याशी मी ताईचा हात धरला.

"धर," ती म्हणाली, "पण मला सावरायला नको. लटपटतायत ते तुझे पाय."

आणि तीच मला सांभाळून खाली घेऊन आली.