चावडी हलवली त्या आठवड्यात

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. कौसापाशी नाही, पोरींपाशी नाही, देवापुढंही नाही. तुम्ही कोण, मला ठाऊक नाही — म्हणूनच जमेल बहुतेक. जरा दमानं घ्या. मी चौथीत शाळा सोडली, जोडाक्षर आलं की अजून पेन अडतं.

कुठून सुरू करू? गावापासून करतो.

आमचं जुनं गाव धरणात गेलं. काही घरं इकडं सोनईच्या बाजूला आली, काही नेवाशाकडं, काही पुण्या-मुंबईला. गाव असं विखुरलं की पोरीच्या लग्नाची पत्रिका पाठवायची तर पत्ता मिळेना. वीस-पंचवीस वर्षं तशीच गेली. मग आमच्या मास्तरांची सुनीता — पुण्यात कॉम्प्युटर शिकवायची — तिनं आणि गावच्याच चार-पाच जणांनी मिळून एक चावडी काढली. कॉम्प्युटरवरची. पगार कुणालाच नाही, हौस सगळ्यांना. एक जुनं मशीन, त्यात मराठी अक्षरं उमटायचं कार्ड, आणि फोनला जोडलेली एक डबी. लाईन लागली की ती चिरकायची. ज्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर असेल त्यानं तिथून आमचा नंबर फिरवायचा आणि लिहायचं — कोण वारलं, कुणाची पोर लग्नाची आहे, जुन्या गावात पिंपळाखाली शिंप्याचं दुकान होतं की न्हाव्याचं. पुढचा फोन करणारा ते वाचायचा आणि आपलं त्याखाली जोडायचा. इथली माणसं रविवारी सुनीतापुढं बसून तोंडानं सांगायची, ती लिहून घ्यायची.

मशीन माझ्या घरात होतं. वस्तीत फोन माझ्याकडं होता, आणि मी अडून बसलो होतो — चावडी माझ्या घरात, नाहीतर फोन मिळणार नाही. असा माणूस मी. तुम्हाला आधीच सांगितलेलं बरं.

पहिल्याच रविवारी माझ्या बायकोनं, कौसानं, लिहून घ्यायला लावलं — 'सीताराम, असशील तिथून कळव. तुझी अक्का.' सीताराम तिचा धाकटा भाऊ. एकुलता. गाव उठलं त्या दिवशी गेला, तो गेलाच.

त्या रविवारनंतर रोज दिवेलागणीला पदराला हात पुसत ती यायची.

"अवो, बघा की. आलं का कायी माज्या भावाचं?"

मी बटण दाबायचो, एकेक अक्षर लावत वाचायचो. "न्हाई."

"ऱ्हाऊ द्या. उद्या बगू."

दोन वर्षं असं चाललं. भाऊबीजेला ती अंगणात पाट मांडायची आणि चंद्राला ओवाळायची. ज्या बाईला भाऊ नसतो ती असं करते. तिला तर होता ना? मग भावाच्या नावानं ताट वाढायची, आणि अन्न वाया जाऊ नये म्हणून ते ताट मी जेवायचो.

मग चावडी हलवायची ठरली. एकच लाईन, एका वेळी एकच माणूस, त्यात वीज जायची. पुण्यात एका कंपनीच्या मोठ्या मशीनवर जागा भाड्यानं मिळाली — इंटरनेट म्हणत होते त्याला. मला राग आला. एकदा गाव हलवलं, आता हेही हलवायचं? पण सुनीता पुढ्यात बसून म्हणाली, "आबा, या वेळी काही बुडणार नाही. एकूण एक ओळ घेऊन जायची आहे." दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी तिनं सगळं फ्लॉप्यांवर उतरवलं, मोजून डब्यात भरलं. जाताना मला सांगून गेली — "हे मशीन अजून आठ दिवस चालू राहू द्या. फोन करणाऱ्याला नवा पत्ता दिसेल. पण कुणी सवयीनं इथंच लिहिलं, तर ते फ्लॉप्यांत नाही. तेवढं तुम्ही बघून ठेवा. पुढच्या रविवारी मी ते तिकडं घालीन आणि हे मशीन पुसून टाकीन."

म्हणजे बाकीचे नव्या पत्त्याकडं वळणार, आणि आठ दिवस इथं जे येईल, ते फक्त मला दिसणार.

बुधवारी आलं.

'अक्का, तुझा निरोप पोरानं वाचून दाखवला. मी गुजरातेत मोरबीला आहे, कौलाच्या कारखान्यात. दाजींनी मला मारलं, बहिणीच्या दारात दिसलास तर तंगडी तोडीन म्हणाले, म्हणून आलो नाही. आता राग नाही. मशीन दाजींच्याच घरात आहे असं इथं लिहिलंय. दाजी, तुम्ही “ये” एवढं लिहा, मी भाऊबीजेला येतो. पोरगा शनिवारी परत फोन लावून बघेल.'

मी ते तीन वेळा वाचलं. सावकाश वाचतो, त्यामुळं तीन वेळा वाचायला बराच वेळ लागला.

गाव उठलं त्या दिवशी काय झालं होतं, ते आता सांगायलाच पाहिजे. शेवटचा ट्रक भरून गेला होता, कौसा पोरींना घेऊन पुढं गेली होती. मागं आम्ही दोघंच. सीताराम उंबऱ्यावर बसून राहिला. एकोणीस वर्षांचा होता. उठेना. म्हणाला, "दाजी, गाव पान्यानं न्हाई बुडलं. तुमी बुडवलं. घरोघरी फिरून सह्या तुमी घेतल्या." खरंच होतं ते. धरणाला जमिनी द्यायच्या कागदांवर सह्या घ्यायला मीच फिरलो होतो. धरणाच्या साहेबाशेजारी खुर्ची मिळाली म्हणून फिरलो होतो. मी त्याच्या मुस्काटात मारली — एकदा नाही. आणि तंगडी तोडायचं जे त्यानं लिहिलंय, तेही मी बोललो.

इकडं आल्यावर कौसानं विचारलं, "सीताराम कुटंय?" मी म्हणालो, "त्यो गेला. म्हनला, मला बहीन न्हाई."

मला बहीण नाही. हे मी त्याच्या तोंडी घातलं. ती त्यावर एवढंच म्हणाली — "रागात म्हनला आसंल."

तर बुधवारी मी मशीनपुढं बसलो होतो. सुनीतानं मला बटणं दाखवून ठेवली होती. 'ये' लिहायला दोन बटणं लागतात. य-चं एक, मात्रेचं एक. मला दोन्ही सापडत होती. बोट य-वर ठेवलंही होतं. पण तो निरोप कौसानं ऐकला की माझं खोटं उघडं. सुनीतानं नेला की चावडीवर, अख्ख्या गावापुढं. ज्यानं गावाला सह्या करायला लावल्या, त्यानं एका पोराला मारून हाकललं — हे गाव वाचणार. माझ्याच घरातल्या मशीनवरून.

मी बोट उचललं.

दिवेलागणीला कौसा आली. "आलं का कायी?"

"न्हाई."

दोन वर्षं हाच शब्द खरा होता हो.

शनिवारी डबी चिरकली. पडद्यावर कळलं, मोरबीचा आहे. नवा पत्ता त्यानं पाहिला, मग खाली बापाच्या निरोपावर आला. तिथं थांबला. मी इकडं बसलेलो, दोन हातांवर पडदा. त्या पोराला मी कधी पाहिलं नाही — माझाच भाचा ना तो? उत्तराची जागा कोरी होती. बराच वेळ लाईन तशीच राहिली. मग तुटली.

रविवारी सुनीता आली. "आबा, कुणी चुकून इथं लिहिलं का?"

"कोन लिवतंय? समद्यांना सांगितलेलं हाय."

कौसा चहा घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "एकडाव तू बग गं बाई. माज्या भावाचं आसंल यखांदं."

सुनीता हसली. "मावशी, आबा रोज बघतात. त्यांच्याहून नीट कोण बघणार?"

आणि तिनं मशीन पुसलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. मी शेजारीच उभा होतो. थांब म्हणायला तेवढा वेळ पुष्कळ होता.

सीतारामनं परत काही लिहिलं नाही. का लिहावं? दाजींचं उत्तर त्याला मिळालं होतं. मी मोरबीला गेलो नाही, माणूस धाडला नाही. कौसा गेली तेव्हाही कळवलं नाही. चावडी त्यानंतर आणखी दोनदा हलली, आणि सुनीतानं शब्द पाळला, एक ओळ सांडू दिली नाही. मध्ये ती मला म्हणाली, "मावशीचा निरोप अजून तिथं सगळ्यात वर आहे, आबा." त्याखाली काय आहे, मी विचारलं नाही.

त्या वर्षीची भाऊबीज मशीन पुसल्यावर दोन आठवड्यांनी आली. सूर्य बुडाला होता, चंद्राची बारीक कोर लिंबाच्या वर दिसत होती. वारा होता. कौसा म्हणाली, "जरा आडोसा करा." निरांजन विझू नये म्हणून मी हात आडवा धरला. तिनं ओवाळलं, कोरीकडं बघून अक्षता टाकल्या. मग आत येऊन भावाच्या नावाचं ताट वाढलं — करंज्या, पुरी, बासुंदी. माझ्या पुढ्यात सरकवलं.

"पोटभर जेवा," म्हणाली. "तुमी जेवलात का त्याला पोचतं."

मी जेवलो. ताटात काही ठेवलं नाही. त्यानंतर ती सहा वर्षं जगली. सहाही वर्षं जेवलो.