केशरबाईचं घंगाळ

दिंद्रुडच्या केशरबाईचं तांब्याचं घंगाळ माहेरचं. काठावर बापाचं नाव कोरलेलं, आजवर एक पोचा नाही. घरातल्या प्रत्येक बाळाची पहिली आंघोळ त्यातच झाली. सुनेचे दिवस भरत आले, म्हणून केशरबाईनं माळा धुंडाळला, तर घंगाळ गायब.

"दोस्ताच्या हाटेलाला दिलंय," लेक आदिनाथ म्हणाला. "जुन्या वस्तूंची लई क्रेझ हाय, आई."

ती त्याला घेऊन तडक हॉटेलावर गेली. घंगाळ दारातच होतं. त्यात गुटख्याची लाल थुंकी, बिडीची थोटकं आणि वर घोंगावणाऱ्या माशा.

"लोकं फोटू काढत्यात ह्याच्यासंगं, मावशी," मालक म्हणाला.

"आन् थुकत्यात कावून?"

"मजबूत हाय. खराब होत न्हाई."

केशरबाईनं हॉटेलाच्या स्वयंपाकघरातून चिंच मागून आदिनाथच्या हातात दिली. "तुजी पयली आंगुळ ह्यातच झाली. घास."

ओकाऱ्या देत त्यानं घंगाळ घासलं. तांबं लखलखलं, आजोबांचं नाव दिसायला लागलं.

"झालं सोच्छ," तो म्हणाला.

तिनं त्यात तांब्याभर पाणी ओतलं. "मंग तोंड धू ह्यातच."

आदिनाथ पाण्याकडं वाकला, तसाच मागं सरला. मग आणखी चिंच आणायला उठला.