वरचा सांधा

अण्णा कुठल्याही सांध्याला पहिली टेप उलटी लावायचे. गुळगुळीत बाजू आत, चिकट बाजू बाहेर. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, म्हाताऱ्याची नजर गेली. कुणी तसं बोलून दाखवलंच तर अण्णा मान वर न करता म्हणायचे, "उघडणाऱ्याचं बघाय नको व्हय?"

हा कारभार कसला, ते आधी सांगायला हवं. आम्ही परवाना काढून घरातून रेडिओवर बोलणारी हौशी माणसं. घरावर लोखंडी टॉवर, त्यावर अँटेना, आणि तिथून खाली खोलीतल्या रेडिओपर्यंत केबल. केबल अँटेनाला जिथं जोडते तिथं कनेक्टर असतो. त्यात पाणी शिरलं की तांब्यावर हिरवट थर चढतो आणि आवाज बसत बसत एक दिवस बंद होतो. आमच्याकडचा पाऊस तर विचारूच नका. म्हणून मे महिन्यात वर चढून सगळे सांधे उघडायचे, पुसायचे आणि पुन्हा बांधायचे.

अण्णांचं बांधणं म्हणजे एक सोहळाच. आधी साबणानं हात धुणं, कारण तेलकट हाताला टेप धरत नाही. मग ती उलटी टेप, म्हणजे कनेक्टरला गोंद लागत नाही. तिच्यावर ताणून रबराची पट्टी, जी स्वतःलाच चिकटून एकजीव होते. सगळ्यांत वर काळी टेप, आणि ती खालून वर, कौलं चढवत जातात तशी, म्हणजे पाणी वरच्यावर ओघळून जातं. शेवटचा वेढा ताणायचा नाही, कात्रीनं कापून अंगठ्यानं दाबायचा. मी दातानं तोडायचो. मला एवढा दम कधी नव्हताच. माझं मोटर वाइंडिंगचं दुकान, गिऱ्हाईक डोक्यावर उभं, हात भरभर चालायची सवय. त्या उलट्या टेपवरून तर आमची कायम जुंपायची. उघडताना ब्लेड मारलं की झालं, असं माझं म्हणणं. ब्लेड केबलला लागतं, असं त्यांचं. दोघंही हट्टी, त्यामुळे निकाल कधी लागला नाही.

अण्णा मूळचे जयसिंगपूरचे, जैन घरातले. कळंब्यात त्यांचं रंग आणि हार्डवेअरचं दुकान होतं, माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. त्यांच्या गच्चीवर पावसाळाभर एक बादली असायची आणि तिच्यात टेप गुंडाळलेले केबलचे तुकडे बुडवून ठेवलेले असायचे. कुठली टेप किती टिकते याची ती परीक्षा. आक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी, आल्यागेल्याला ती बादली दाखवून म्हणायच्या, "ह्यांनी लोणचं घाटलंय बघा." अण्णाही हसायचे, पण बादलीला हात लावू द्यायचे नाहीत.

एक गोष्ट मात्र पक्की होती. दिवस बुडायच्या आत जेवायचं. आजोबापणजोबांपासूनचा नेम. टॉवरवर असले तरी सूर्य कलला की ते पट्टा सोडून खाली यायचे. मी रात्री दहाला तांबडा रस्सा ओरपणारा माणूस, मी त्यांची चेष्टा करायचो. पण त्यांच्याबरोबर डबा खायला मीही बसायचो, खोटं कशाला बोलू.

राधानगरीच्या वर एका वाडीत आमचे एक गुरुजी आहेत. निवृत्त प्राथमिक शिक्षक. शेतातलं एकटं घर, शेजार लांब. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेलेली. घरात ते आणि त्यांची बायको, दोघंच. मुलगा गोव्यात नोकरीला. पावसाळ्यात तिथं फोन मरतो आणि ओढ्यावरच्या मोरीवरून पाणी जातं, मग उरतो तो रेडिओ. रोज सकाळी अण्णा कळंब्याहून हाक द्यायचे आणि गुरुजी डाव्या हातानं माईक धरून उत्तर द्यायचे. पाऊस किती, म्हैस किती देते, झालं बोलणं. पण ते एक दिवस चुकलं तर दोघांनाही चैन पडायची नाही.

त्यांचे सांधे बांधायला आम्ही दर मेमध्ये जायचो. त्या वर्षी मी खाली दोर धरून होतो आणि अण्णा वर. सगळ्यात वरचा सांधा त्यांनी उघडून पुसला आणि सूर्य कलला. उरलेलं सकाळी बघू म्हणून ते खाली उतरले. वहिनींनी, म्हणजे गुरुजींच्या बायकोनं, त्यांच्यासाठी कांदा-लसूण न घालता सगळा स्वयंपाक केला होता. आम्ही पोटभर जेवलो. हात धुतो तोवर वळीव आला. सकाळी अण्णांनी वर जाऊन सांधा फडक्यानं चांगला कोरडा केला आणि तीनही थर नेहमीसारखे चढवले. बांधणीत खोट नव्हती. ओल मात्र आधीच आत उतरली होती, आणि त्या घट्ट बांधणीनं ती आत कोंडली गेली.

श्रावणात एका सकाळी गुरुजींचं उत्तर आलं नाही. नुसती खरखर. अण्णांनी दिवसभर हाका मारल्या. मला वाटलं वीज गेली असेल, बॅटरी उतरली असेल. खरं काय ते नंतर कळलं. पहाटे वहिनींच्या छातीत दुखायला लागलं होतं. गुरुजींना उठता येत नव्हतं. ते माईक धरून आम्हाला हाका मारत राहिले, आणि आम्ही इकडून त्यांना. वाडीतलं माणूस दूध न्यायला आलं तोवर वहिनी गेल्या होत्या. वेळेत कळलं असतं तर ओढ्याअलीकडे गाडी उभी करता आली असती. त्यानं त्या वाचल्या असत्या का, हे डॉक्टरलाही सांगता आलं नाही.

पाणी ओसरल्यावर आम्ही दोघं गेलो. अण्णा कुणाशी न बोलता थेट टॉवरवर चढले. वरचा सांधा उघडला, तळहातावर पाणी घेतलं, आणि तसेच मूठ मिटून खाली आले. गुरुजी सोप्यात खाटेवर होते. अण्णा त्यांच्यासमोर उभे राहिले आणि मूठ उघडली.

"गुरुजी, सांधा उघडा टाकून मी जेवाय उतरलोतो."

गुरुजींनी त्या ओल्या हाताकडे बघितलं. माझी तर मान खाली. गुरुजी म्हणाले, "अण्णा, दिवस बुडाय लागलाय. जेवून घ्या."

अण्णा वळले आणि पुन्हा टॉवरवर चढले. सांधा कापून नवा घातला, बांधला, आणि अंधार पडल्यावर खाली आले. ताट वाढलेलं होतं. नेम तर मोडायचा नव्हता, आणि काम टाकून उतरायचंही आता नव्हतं. त्यांनी ताटाला नमस्कार केला आणि भिंतीकडेला बसले. वहिनींच्या मागे सून गोव्याहून येऊन राहिली होती. गुरुजी तिला म्हणाले, "झाकून ठेव. सकाळी खातील."

पुढं दरवर्षी हेच. काम दुपारीच उरकता यायचं, मी सकाळी लवकर निघू म्हणायचो. पण अण्णा वरच्या सांध्यापाशी पोचले की घाई नावालाही ठेवायचे नाहीत. सूर्य कलला की खाटेवरून गुरुजींची हाक यायची, "अण्णा, दिवस बुडाय लागलाय." वरून उत्तर यायचं, "झाल्यावर." आणि ताट झाकून ठेवलं जायचं. माफी कुणी मागितली नाही आणि कुणी दिलीही नाही. मला त्या दोघांचा राग यायचा. एकदा परतीच्या वाटेवर मी म्हणालो, अण्णा, आता पुरे की, त्यांच्या मनात काही नाही. ते म्हणाले, "त्यांच्या मनात न्हाय रं गड्या. म्हणून तर."

यंदा थंडीत अण्णा गेले. झोपेत, कुणाला तोशीस न देता. गुरुजींना मीच रेडिओवरून सांगितलं. तिकडून आवाज आला, "पावणं, मे महिन्यात याल न्हवं?" येतो म्हणालो. माईक ठेवला आणि स्वतःच्या हातांकडे बघितलं. माझ्या घाईच्या हातांवर त्या माणसाचा पावसाळा सोपवायचा होता, आणि तिथं एक सांधा चुकला की काय होतं ते मी पाहिलेलं होतं.

मेमध्ये गेलो. हात साबणानं धुतले, दोनदा. खालचे सांधे करता करता ऊन उतरलं. वरच्या सांध्यापाशी पोचलो, काळी टेप सोडवली, रबराला टोकाशी कात्रीनं जरासा काप दिला. ब्लेड बाहेर काढायची वेळच आली नाही. उलट्या टेपसकट सगळं साल निघावं तसं अलगद निघून हातात आलं, आणि आतला कनेक्टर दुकानातून आजच आणल्यासारखा लख्ख, कोरडा. गेल्या वर्षी बांधताना ते मला शेजारी बोलावून दाखवत होते आणि मी घड्याळ बघत होतो. उघडणारा मी असणार, हे त्यांना तेव्हाच ठाऊक होतं की काय! टॉवरला मिठी मारून मी रडलो. खालून दिसू नये एवढं उंच होतं म्हणून बरं.

मग पहिली टेप उलटी लावली. तेवढ्यात खालून हाक आली.

"अण्णा, दिवस बुडाय लागलाय."

गुरुजींची जीभ सवयीनं गेली असेल. किंवा नसेलही. मी म्हणालो, "झाल्यावर."

रबर ताणून घेतलं. काळी टेप खालून वर घेतली. शेवटचा वेढा न ताणता, कात्रीनं कापून, अंगठ्यानं दाबला आणि अंगठा बराच वेळ तसाच ठेवला. खाली आलो तेव्हा सोप्यात दिवा लागला होता आणि सुनेनं ताट वाढलं होतं. माझ्यासाठी खास कांदा घालून झणझणीत पिठलं केलं होतं तिनं, भाकरी गरम होती. मला कसला आलाय नेम. पण हात काही ताटाकडे जाईना. मी नमस्कार केला आणि भिंतीकडेला, अण्णा बसायचे तिथं, जाऊन बसलो.

सून गोंधळून सासऱ्यांकडे बघायला लागली. गुरुजींनी माझ्याकडे एकदा बघितलं.

"झाकून ठेव," ते तिला म्हणाले. "सकाळी खातील."