तिसऱ्या चषकाखालची ओळ

त्याला सगळे स्टेपनी म्हणत. आधी क्लबात, मग गल्लीतही. राखीव गोलकीपर तो. नऊ वर्षं क्लबात काढली, त्या नऊ वर्षांत क्लबानं तीनदा राष्ट्रीय चषक जिंकला आणि तिन्ही अंतिम सामन्यांत स्टेपनीचा पाय काही मैदानाला लागला नाही. गोलात उभा असायचा तो दुसराच; त्याला सगळे कुलूप म्हणत. त्याला ना कधी ताप यायचा, ना कधी पाय मुरगळायचा. "मेल्याला साधं शिंकतासुद्धा येत नाही," असं स्टेपनी हसत म्हणायचा, आणि मग स्वतःचीच लाज वाटून कुलपाचे ओले हातमोजे वाळत घालायला जायचा.

खेळ सुटल्यावर तो दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. आता सत्तरी उलटली होती. चप्पलदुकानाच्या वर एक खोली. बायको जाऊन अकरा वर्षं झालेली. जेवण ओट्याशी उभ्याउभ्याच, कारण टेबलाशी बसलं की समोरची खुर्ची दिसते. दिवसभरात तोंड उघडायचं ते एकदाच, दूधवाल्यापाशी. "अर्धा लिटर." बस.

त्यामुळे क्लबाची सेक्रेटरी जिना चढून दारात उभी राहिली, तेव्हा त्याला घसा दोनदा खाकरावा लागला.

"काका, हॉलच्या भिंतीवर तिन्ही चषकांचा इतिहास लिहून हवाय. छापील नको, हातानं. तुम्ही तर टीममध्येच होता ना?"

"टीमच्या मागे होतो," तो म्हणाला.

पहिला आठवडा मजेत गेला. दोऱ्याला खडू फासून भिंतीवर रेघा पाडल्या. पहिला चषक: क्लब म्हणजे बोटी दुरुस्त करणाऱ्या कारखान्यातले कामगार, सकाळची पाळी करून मैदानावर येणारे. दुसरा: एकाला बाहेर काढल्यावर दहा जणांनी खेचून आणलेला. एकेक नाव रंगवताना तो त्या त्या माणसाशी बोलायचा. "काय रे सुतारा, तुझं नाव फारच लांब, भिंत संपवशील." बहुतेक जण गेलेले होते. उलटून कोण बोलणार?

मग सेक्रेटरीनं दिलेल्या मजकुरातला तिसऱ्या चषकाचा कागद हातात आला. शेवटी लिहिलं होतं: "अखेरच्या मिनिटाला पेनल्टी. आमच्या गोलकीपरला आतून आवाज आला, डावीकडे जा!"

स्टेपनी शिडीच्या पायरीवर टेकला.

त्या दिवशी तो टॉवेल आणि जादा हातमोजे घेऊन जाळीमागे उभा होता. राखीव माणसाला दुसरं काम काय? बघत राहायचं. त्यानं सामन्याआधी समोरच्या टीमचा सराव बघितला होता. त्यांचा दहा नंबर कोपऱ्यात चेंडू मारण्याआधी मोजा वर ओढायचा, आणि ज्या पायाचा मोजा ओढला, चेंडू हटकून त्याच बाजूला. पेनल्टीच्या वेळी त्या दहा नंबरनं उजवा मोजा ओढला, म्हणजे समोरच्या कुलपाची डावी बाजू, आणि स्टेपनी जाळीला तोंड लावून जिवाच्या आकांतानं ओरडला, "डावीकडे!" कुलूप उडाला. चेंडू त्याच्या बोटांना लागून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं: आतून आवाज आला.

तेव्हापासून तो आवाज कुलपाचा होता.

दोन दिवस स्टेपनीनं ती ओळ सोडून बाकी सगळं केलं. कडा रंगवल्या, कडांना सोनेरी रेघ ओढली.

"काका, रविवारी उद्घाटन आहे. ती एक ओळ राहिलीय."

"रंग वाळतोय."

"कुठला रंग? कोरी आहे जागा!"

शेवटी त्यानं कुलपाला फोन केला. एकाच गावात राहूनही कित्येक वर्षांत भेट नव्हती. दुसऱ्या दुपारी कुलूप काठी टेकत हॉलमध्ये आला.

"अजून तसाच काटकुळा रे स्टेपनी."

"आणि तू अजून गोल भरून उभा राहतोस."

दोघं हसले. मग स्टेपनीनं कागद पुढे केला. कुलपानं चष्मा चढवून वाचला, घडी घातली, परत उघडला.

"आवाज कुणाचा होता?" स्टेपनीनं विचारलं.

"तुझा."

इतक्या लवकर उत्तर येईल असं त्याला वाटलं नव्हतं. रात्ररात्र घोकलेलं भांडण तोंडातच राहिलं.

"माहीत होतं तुला?"

"पहिल्या क्षणापासून. पेपरवाल्याला मी म्हणालो, आवाज आला. 'आतून' त्यानं घातलं. मी खोडलं नाही." कुलूप खुर्चीत बसला. "पहिल्या वर्षी वाटलं, सांगू. दुसऱ्या वर्षी लोक टाळ्या वाजवायला लागले. अजून शाळांमध्ये बोलावतात रे मला, त्या एका शब्दासाठी. नाहीतर घरात कोण विचारतंय? सून जेवण दाराबाहेर ठेवते."

स्टेपनीनं ब्रश डब्यात नुसताच फिरवला. त्याला रागवायचं होतं. पण समोर बसलेला माणूसही त्याच्यासारखाच, ओट्याशी उभ्यानं एकटा जेवणारा दिसत होता.

"लिही तुला हवं ते," कुलूप म्हणाला. "ब्रश तुझ्याकडे आहे."

"चहा घेतोस?"

"नको. सून वाट बघत नसेल, पण दार लावून घेईल."

तो गेला. काठीचा आवाज गेटपर्यंत ऐकू आला.

स्टेपनी शिडी चढला. रंगवताना हात टेकायची काठी भिंतीला लावली आणि एका दमात ओळ संपवली. संध्याकाळी सेक्रेटरी आली, कागद आणि भिंत दोन्ही वाचत उभी राहिली.

"काका, 'आवाज आला, डावीकडे जा'? 'आतून' राहिलं."

"राहिलं नाही, गाळलंय."

"अहो, मग आवाज कुठून आला? लोक विचारतील ना!"

"विचारू देत."

रविवारी तो पुढच्या रांगेत बसला नाही. भिंतीपाशीच खुर्ची घेतली, एक पाय पुढे टाकून, कुणी थांबलं तर सांगता येईल इतक्या जवळ. चषकांपुढे फोटोंची रांग लागली. एक बाई ओळ वाचून पुढे गेली. एकानं भिंतीला हात लावून पाहिलं, रंग वाळलाय का.

"वाळलाय," स्टेपनी म्हणाला.